बाळ यायच्या आधी घरातले सण कसे ठरवून घ्यायचे

दिवाळी संपली, डब्यात शंकरपाळ्यांचा चुरा राहिलाय, मला पाचवा महिना लागलाय आणि आमच्या घरात जोरदार भांडण झालं, ते नावावरून नाही, दवाखान्यावरूनही नाही, तर आपलं पोर वर्षभर कुठल्या दिवसाची वाट बघणार यावरून. मी म्हटलं गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा, अजून काय. नवरा म्हणाला गणपती, अजून काय. तो कुडाळचा, मी सोलापूरची, बाळीवेशीत वाढलेली. त्याला गड्डा म्हणजे पाळणे आणि भेळ एवढंच माहिती, आणि मला त्याचा गणपती म्हणजे आख्ख्या दिवसाचा प्रवास, पाऊस आणि न वाळणारे कपडे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो म्हणून भांडण लवकर मिटेना.

मग दोन-तीन आठवडे आम्ही हे जरा नीट बसून केलं. कसं केलं ते लिहितेय, कारण आमच्यासारखी दोन गावांची, दोन चवींची जोडपी आता घरोघरी आहेत. एक आधीच सांगते, हे बाळ व्हायच्या आधीच करा. नंतर करू म्हटलं की झालं, माझ्या बहिणीचं पोर चार वर्षांचं झालं तरी त्यांच्या घरी दिवाळी दर वर्षी ऐनवेळी ठरते, दर वर्षी पाडव्याच्या दिवशी रुसवाफुगवी, आणि ते पोर मोबाईल घेऊन आतल्या खोलीत.

पहिल्यांदा दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं. एकत्र नाही. एकत्र बसलं की जो जास्त बोलतो त्याच्याच आठवणी कागदावर येतात (आमच्यात तो मी आहे). आणि अट अशी की सणाचं नाव लिहायचं नाही. "दिवाळी" असं लिहिलं की डोळ्यासमोर जाहिरातीतली दिवाळी येते, आपली येत नाही. वास लिहा, कुठे बसला होता ते लिहा, हातात काय होतं, कशाची वाट बघत होता, कोण ओरडत होतं. पंधरा मिनिटं पुरतात.

माझ्या कागदावर आलं ते असं. बाबांच्या खांद्यावर बसून काठ्या मोजणं. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, त्यांना आम्ही काठ्या म्हणतो, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं त्या उंचच्या उंच काठ्या पेलत चालतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूनी हर्र बोला हर्र चालू असतं. बाबा म्हणायचे सात मोज, आणि मी दर वर्षी सहापर्यंत जायचे आणि मधेच फुगेवाला दिसायचा. मग आजोबांचा हात धरून १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर उभं राहणं. आजोबा गिरणीतले, देवळात फारसे जायचे नाहीत पण इथे जायचेच, आणि मला चारही नावं म्हणायला लावायचे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३१ साली त्याच तारखेला येरवड्यात चौघांना फाशी दिली. पाठ म्हणून दाखवलं की येताना उसाचा रस, जानेवारीच्या थंडीत, आईला न सांगता. अजून काय, तर मे महिन्यात गच्चीवर पाणी मारून तापलेली फरशी थंड करायची आणि एका चादरीत चार भावंडं, ती चादर जड, टोचरी, आणि तिच्यावरच्या मोराचं तोंड कुणाच्या बाजूला यावरून मारामारी.

त्याच्या कागदावर माटवी. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपाऱ्या, रानातली कवंडळं असं सगळं बांधतात. ते कवंडळ आणायला तो आणि चुलतभाऊ सकाळी रानात जायचे, पाय चिखलात. मग आरतीला वाडीतल्या प्रत्येक घरी जायचं, टाळ त्याच्याकडे, आणि प्रत्येक दारात ओल्या चपलांचा ढीग आणि निघताना आपली चप्पल शोधायची. काळ्या वाटाण्याची उसळ. बस.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला एकदम लक्षात आलं की यात जवळपास प्रत्येक ओळीत आम्हाला काहीतरी काम दिलेलं होतं. मोजायचं काम, नावं पाठ म्हणायचं काम, गच्चीवर बादली नेऊन ओतायचं काम, कवंडळ शोधायचं, टाळ सांभाळायचा. जिथे नुसतं नवीन कपडे घालून बसायचं होतं त्यातलं एकही कागदावर आलं नाही. नवरा म्हणाला त्याला सातवीत सायकल मिळाली होती दिवाळीला, आणि ती त्याच्या यादीत नव्हती, त्यालाच वाईट वाटलं बिचाऱ्याला, वडिलांनी कर्ज काढून घेतली होती म्हणे.

तर हा पहिला नियम धरा. जी गोष्ट पुढे चालवायची तिच्यात तीन वर्षांच्या पोराला जमेल असं एक तरी काम पाहिजे. नसेल तर शोधा. किल्ला करणार असाल तर चिखल तुम्ही करा पण अळीव पेरायचं काम पोराचं, आणि रोज पाणी शिंपडायचं पण पोराचं (अळीव चार-पाच दिवसांत हिरवं होतं, म्हणजे वसुबारसेच्या आधी आठवडाभर किल्ला झाला पाहिजे, आम्ही या वर्षी दोघांनीच करून बघितला आणि धनत्रयोदशीला पेरलं, भाऊबीजेपर्यंत टक्कल). तिळगूळ वाटायची वाटी पोराच्या हातात. उटणं भिजवायचं पोरानं. एवढंच.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते कोणी करत नाही.

यादीतली प्रत्येक आठवण घ्या आणि त्या वेळी घरातली बाकीची माणसं कुठे होती ते विचारा. फोन करून विचारा. म्हणजे तुम्ही खांद्यावर बसून काठ्या मोजत होता तेव्हा आई आणि आज्जी कुठे होत्या? मला खरंच माहिती नव्हतं. माझ्या डोक्यातल्या चित्रात त्या दोघी नाहीतच. म्हणून आज्जीला फोन लावला, ती आता ८४ वर्षांची आहे, मामाकडे असते अक्कलकोट रोडला.

"आज्जी, काय करलालीस?"

"बसलीय की. तू जेवलीस का?"

जेवले म्हटलं, आणि विचारलं की भोगीला आम्ही सगळे यात्रेतल्या लग्नाच्या अक्षता टाकायला देवळाजवळच्या सम्मती कट्ट्यावर जायचो तेव्हा तू कुठे असायचीस.

"कुठं असनार? घरात. सकाळी भाकऱ्या, बाजरीच्या, तीळ लावून. तुम्ही गेला की मग शेंगा भाजायला घ्यायचे. दुसऱ्या दिवशीच्या पोळ्याचं कूट नको का? साठ पोळ्या व्हायच्या बघ आपल्याकडं."

"म्हणजे तू अक्षता बघितल्याच नाहीस?"

"बघितल्यात की. लग्नाच्या आधी."

मी काय बोलणार. हिशोब केला तर साठ-पासष्ट वर्षं झाली. देवळापासून चालत पंधरा मिनिटांवर राहणारी बाई. आणि मला आयुष्यभर वाटत आलं की आमचं आख्खं घर यात्रेला जायचं. आख्खं घर नव्हतं जात, आख्खं घर वजा दोन बायका जायचं.

नवऱ्यानं त्याच्या आईला विचारलं, त्यांचं उत्तर थोडं वेगळं होतं, त्यांना आवडायचं म्हणाल्या, घर भरलेलं असायचं, जावा-जावा मिळून करायचो, पण पाच दिवसांत एकदाही आरतीला दुसऱ्याच्या घरी गेले नाही रे, हे पण म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या की मोदक वळायला बसलं की पाय आखडायचे तेवढं मात्र नको वाटायचं.

मी हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. हे विचारलं नाही तर होतं काय की आपण आठवण उचलतो आणि तिच्यामागचं राबणं नकळत एकाच माणसाच्या गळ्यात टाकतो, बहुतेक वेळा बाईच्या, आणि पुढच्या मार्चपासून त्या बाईच्या मांडीवर बाळ पण असणार आहे. म्हणून प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की हे कोण करणार. नाव लिहा. "आपण दोघं" असं लिहू नका, "आपण दोघं" म्हणजे कोण ते सगळ्यांना माहितीय.

आता गाळायचं. आमच्याकडे पहिल्या फेरीत बावीस गोष्टी झाल्या होत्या, त्यातल्या पाच राहिल्या. गाळण्यासाठी चाळणी एकच, दोघांपैकी एक जण तापानं झोपलाय आणि दुसरा रात्री तीनदा उठलाय अशा दिवशी ही गोष्ट होईल का? साठ पोळ्या होणार नाहीत. आठ होतील. मग आठ. पाच प्रकारचा फराळ होणार नाही, एक घरी आणि बाकीचं विकत, सोलापुरात घरगुती फराळ करून देणाऱ्या इतक्या मावशी आहेत की त्यांच्या पोटावर पाय का द्यायचा. आमच्या घरी चिवडा मीच करणार कारण विकतच्या चिवड्यात शेंगदाणे मोजून घालतात आणि सोलापूरच्या माणसाला ते सहन होत नाही.

काही गोष्टी दमण्याशी संबंध नसताना पण गाळल्या. एक सांगते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकू असायचं, बाहेरच्या खोलीत बायका, हसणं, वाण, आणि आजोबा गेल्यानंतर आज्जी त्या दिवशी आतल्या खोलीत बसायची, दार लोटून. मी दाराच्या फटीतून तिला तिळगूळ द्यायचे आणि मला तो खेळ वाटायचा. ही आठवण माझ्या कागदावर होती, गोड आठवण म्हणून होती, आता विचार करा. आमच्याकडे हळदीकुंकू होईल तर सगळ्यांना बोलावून आणि पहिलं वाण आज्जीला. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या वाण काय द्यायचं ठरवलंस. म्हणजे हो.

तर मग तालीम. जे पाच उरलंय ते बाळ यायच्या आधी एकदा करून बघायचंच, कारण आठवणीतली पोळी आणि तव्यावरची पोळी यात फार फरक असतो. शेंगापोळी आम्ही या शनिवारी केली. सोलापुरात संक्रांतीला तिळाच्या पोळीपेक्षा हिचा मान जास्त. आज्जीनं फोनवर सांगितलेलं प्रमाण देते, तिनं "अंदाजानं" असं सांगितलं होतं, ते अंदाज वाटीत मोजायला मला तासभर लागला.

दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, घाई केली की बाहेरून काळे आतून कच्चे. सालं काढून बारीक कूट. तीन चमचे तीळ भाजून कुटून त्यात, दोन चमचे बेसन तुपावर भाजून, वेलदोडा, आणि दीड वाटी मऊ गूळ किसून. चिक्कीचा गूळ घेऊ नका, तो तव्यावर दगड होतो. हे सगळं हातानं चांगलं मळून घ्या, मिक्सरमधून एकदा फिरवलं तरी चालेल, गुळाचा एक पण खडा राहता कामा नये कारण खडा राहिला की तिथेच पोळी फुटणार आणि गूळ तव्यावर जळणार. वरच्या पारीला दीड वाटी कणीक, अर्धी वाटी मैदा, दोन चमचे तेल गरम करून, मीठ, घट्ट भिजवायची, अर्धा तास झाकून. सारण आणि कणीक दोन्ही सारखीच मऊ पाहिजेत ही खरी मेख. दोन लाट्यांच्या मधे सारणाचा गोळा ठेवून कडा दाबा, तांदळाच्या पिठीवर लाटा, सारण काठापर्यंत गेलं पाहिजे, मंद आचेवर भाजा, आणि प्रत्येक पोळीनंतर तवा ओल्या फडक्यानं पुसा. आठ-दहा दिवस टिकतात, आमच्या दोन दिवसांत संपल्या. पहिल्या तीन फुटल्या. नवऱ्यानं त्या फुटलेल्या चमच्यानं खाल्ल्या आणि म्हणाला यालाच वेगळं नाव दिलं तर?

पोळ्या लाटायचं काम त्याचं. ठरलं. कारण त्याचा हात उकडीवर बसलेला आहे, त्याच्या घरी पुरुष पण मोदक वळायचे. मोदकाची तालीम गणपतीतच झाली होती आणि तिथे एक सोलापुरी अडचण आली, आमच्या कोरड्या हवेत उकड बघता बघता सुकते आणि पाकळ्या चिरतात. कुडाळला असं होत नाही म्हणे, तिथे हवाच ओली. उपाय सोपा आहे, उकड ओल्या कापडाखाली ठेवायची, एका वेळी दोन मोदकांपुरतीच काढायची आणि पंखा बंद. पंखा बंद म्हणजे दुसरी अडचण, पण असो.

आता आपल्या गावात वर्षभरात काय काय आयतं आहे ते बघा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरातल्या घरात सगळं उभं करायला गेलं की माणूस थकतो, आणि गाव काहीतरी करतच असतं, तुम्ही फक्त पोराला घेऊन तिथे वेळेवर जायचं असतं. सोलापूरकरांना जानेवारी तर सोन्याचा आहे. १२ ला हुतात्म्यांचे पुतळे, पैसे शून्य, अर्धा तास. मग लगेच यात्रा, आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम, तारखा संक्रांतीप्रमाणे एखादा दिवस पुढेमागे. सगळ्याला जाऊ नका. लहान पोराला घेऊन अक्षतेच्या गर्दीत शिरू नका, त्यापेक्षा मिरवणुकीच्या वाटेवर कुणाची गच्ची किंवा ओटा शोधा, आत्तापासून ओळख काढून ठेवा, सोलापुरात लोक नाही म्हणत नाहीत, वर चहा देतात. संध्याकाळी काठ्यांवर दिवे लागतात तेव्हाचं दृश्य लहान पोराला दिवसापेक्षा जास्त आवडतं. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं ही गोष्ट सांगून ठेवा, पोरं विचारतातच की काठीशी लग्न का, मी पण विचारलं होतं आणि बाबा म्हणाले होते कारण काठी भांडत नाही, आईनं ते ऐकलं होतं. होमाच्या रात्री वासराची भाकणूक असते, पाऊसपाणी कसं होणार ते वासरू कसं वागलं त्यावरून सांगतात, गोष्ट म्हणून हे पोरांना भारी आवडतं. होम मैदानावरच्या गड्ड्यासाठी आमचा नियम ठरलाय, एक खाणं, एक खेळणं, एक पाळणा, आणि तो नियम मोठ्यांना पण, नाहीतर नवरा नेमबाजीच्या दुकानात पैसे घालवतो.

गड्ड्याच्या आधी येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या, पलीकडे कर्नाटकात एळ्ळ अमावस्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. या दिवशी शेतातच जेवायचं असतं. कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, पूजा होते, रानभर अंबील शिंपडतात आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नाही हं, ओला हरभरा, तूर, वालाच्या शेंगा, भुईमूग असं रानातलं सगळं हिरवं बेसन-ताकात शिजवलेलं, आंबटसर. शेत नसेल तर काळजी नको, त्या दिवशी शेतावर पाहुणा आला की मालकाला आनंदच होतो. चुना लावायचं काम पोराला द्या, जुने कपडे घालून न्या. माझ्या मते आपल्या भागातला पोरांसाठी सगळ्यात चांगला सण हाच आहे आणि याच्या वाट्याला सगळ्यात कमी फोटो येतात.

नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयांचा रथ निघतो, आमचे शेजारी पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे आहेत, राखी बांधून झाली की त्यांच्याबरोबर जायचं, एवढं लिहून ठेवलंय. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाण्याची रीत आहे, साधारण ४५ किलोमीटर, रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो आणि जागोजागी चहा-नाष्टा वाटतात. आम्ही दोघं मागच्या वर्षी गेलो, पहाटे माझ्या टाचांचं जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण तुम्हाला बाळ व्हायच्या आधी जायचं असेल तर आधीच जाऊन या. नंतर पोराला घेऊन थोडंसं, वाटेतल्या तळे हिप्परग्यापर्यंत, बस. मे महिन्याची गच्ची आहेच, तिला खर्च फक्त पाण्याचा, आणि पाणी आमच्याकडे रोज येत नाही म्हणून तो पण खर्चच, त्यामुळे पूर्ण गच्ची नाही, चादर पसरण्याएवढा कोपरा भिजवायचा.

घरच्या मोठ्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला दोन मैत्रिणींनी विचारला. माझा अनुभव असा की "आम्ही आमचे सण ठरवले" असं जाहीर केलं की युद्ध सुरू. त्यापेक्षा त्यांच्याकडून एक गोष्ट मागा. सासूबाईंना मी म्हटलं आई, तुमच्या काळ्या वाटाण्याच्या उसळीचं वाटप मला शिकवा, मी रेकॉर्ड करते. मोबाईल ओट्यावर उभा केला आणि दीड तास त्या बोलत होत्या, वाटपाबद्दल वीस मिनिटं आणि बाकी त्यांच्या लग्नाबद्दल. आज्जीचं पण तसंच फोनवर रेकॉर्ड केलं. हे लगेच करा, ८४ वर्षांच्या माणसाचं काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका. आणि फाइलला नाव-तारीख घाला, नाहीतर शंभर फाइलींमधे आज्जी सापडत नाही. सण दोन घरात वाटायचे असतील तर आमचा तोडगा सांगते: गणपती कुडाळला, गड्डा सोलापूरला, दिवाळी एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे, आणि ज्या वर्षी बाळ आजारी किंवा तिकिटं मिळाली नाहीत त्या वर्षी कुणी कुणाला बोल लावायचा नाही. हे आम्ही दोन्ही घरांना एकाच दिवशी, एकाच वाक्यात सांगितलं. आधी एका घरी सांगितलं असतं तर दुसऱ्या घरी ते पोचेपर्यंत त्याचं काहीतरी वेगळंच झालं असतं.

माझे काका म्हणाले एवढं ठरवून सण होतात का, सण आपोआप होतात. काकूनं स्वयंपाकघरातून फक्त बघितलं त्यांच्याकडे.

पहिल्या वर्षाबद्दल. पहिल्या वर्षी काहीच करू नका, म्हणजे एकच करा. बाळ तसंही काही लक्षात ठेवणार नाही, आणि तुम्ही दोघं झोपेचे भुकेलेले असणार. आमची तारीख मार्चमधली आहे, म्हणजे त्यानंतरच्या संक्रांतीला बाळ दहा महिन्यांचं, म्हणून आमचं एकच ठरलंय, बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि आजूबाजूच्या पोरांना बोलवायचं, कारण बोरन्हाणात खरी मजा खाली पडलेलं वेचणाऱ्या पोरांची असते. डोक्यावरून ओतायला नुसते चुरमुरे, हळू, उंचावरून नाही. बोरं, शेंगदाणे, हरभरे, उसाचे करवे, गोळ्या असलं काही बाळाच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही, घशात अडकतं, ते वेचायला आलेल्या मोठ्या पोरांच्या पिशवीत वेगळं घालायचं. हलव्याचे दागिने बाळ चाटणार, तोंडात घालणार, म्हणून पाच मिनिटं, एक फोटो आणि काढून ठेवायचे. पाट घालायचं आणि नंतर झाडून काढायचं काम नवऱ्याचं, चुरमुरे सोफ्याखाली महिनाभर निघतात असं बहीण म्हणते. आज्जीला आणायला मामा गाडी पाठवणार आहे. ती बसणार बाहेरच्या खोलीत, आणि भोगीला एक दिवस आधीच येणार, कारण वाटेवरच्या ज्या गच्चीचं आम्ही बोलून ठेवलंय तिथे जिना आहे, सतरा पायऱ्या, मी मोजल्यात, आणि तिला चढायला अर्धा तास आधी निघायला लागेल. भाकऱ्या त्या दिवशी विकत.